चिठ्ठीवर काय लिहाल?

आमच्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे पुणे-सोलापूर रोडवरचं ना?" नाही हो, ते माढा तालुक्यातलं टेंभुर्णी. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. मागे एकदा पुस्तकं मागवली होती. पत्त्यात मी तालुका लिहायला विसरलो, तर पार्सल सोलापूरची वारी करून पंधरा दिवसांनी माझ्या दारात आलं. चूक माझीच. पण हीच चूक माणसं मोठ्या ग्रंथालयात गेल्यावर करतात आणि तिथे पंधरा दिवसांनीसुद्धा काही दारात येत नाही.

हल्ली आमच्या भागात गावाचा इतिहास लिहायची हौस वाढली आहे. कुणाला आजोबांचा हैदराबाद मुक्तिसंग्रामातला सहभाग शोधायचा असतो, कुणाला असईच्या लढाईवर लिहायचं असतं, एखाद्या गुरुजींची पीएच.डी. अडलेली असते. मग कुणीतरी सांगतं, "कोलकात्याला राष्ट्रीय ग्रंथालय आहे, तिथे सगळं मिळतं." सगळं नाही, पण पुष्कळ मिळतं हे खरं. मिळणार की नाही हे मात्र कोलकात्यात ठरत नाही, निघण्याआधी तुम्ही घरी काय केलंत यावर ठरतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. गावातल्या वाचनालयात आपण कपाटापाशी जातो, चार पुस्तकं चाळतो, एक घेऊन येतो. मोठ्या ग्रंथालयात कपाटं तुमच्या नजरेला पडतच नाहीत. पुस्तकं आत बंद भांडारात असतात, तुम्ही बाहेर वाचनकक्षात. दोघांच्या मधे असते ती मागणीची चिठ्ठी. तिच्यावर लेखक, पुस्तकाचं नाव, तालिकेतला म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीतला क्रमांक, तुमचं नाव आणि बैठकीचा क्रमांक लिहायचा. आतला माणूस चिठ्ठी घेऊन जातो आणि पुस्तक घेऊन येतो, किंवा चिठ्ठीच परत घेऊन येतो.

मी पहिल्यांदा अशा ठिकाणी गेलो तेव्हा झोकात लिहिलं होतं : 'मराठवाड्याचा इतिहास'. तासाभराने चिठ्ठी परत आली. लेखकाच्या रकान्यावर पेन्सिलीने गोल आणि गोलात प्रश्नचिन्ह. तो माणूस बरोबर होता. मी पुस्तक मागितलंच नव्हतं, विषय मागितला होता. विषयावरून पुस्तकापर्यंत पोहोचणं हे वाचकाचं काम. ते जमलं की अर्धी लढाई जिंकली म्हणून समजा.

त्यासाठी मराठी वाचकाच्या हाताशी एक जबरदस्त साधन आहे आणि ते फार थोडे लोक वापरतात. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंत छापलेली मराठी पुस्तकं, दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतची. विषयवार मांडणी, प्रत्येक नोंदीत लेखक, नाव, प्रकाशन, साल, पानं. कुठल्याही बऱ्या महाविद्यालयीन किंवा विभागीय ग्रंथालयात हे जाडजूड खंड सापडतात, बहुधा खालच्या फळीवर आणि बहुधा धूळ खात. एक दुपार त्यांच्याबरोबर काढा. आपल्या विषयावर दीडशे वर्षांत मराठीत काय छापलं गेलं हे कळतं, आणि पुढे कुठल्याही ग्रंथालयात चिठ्ठी भरताना लेखकाचा रकाना कोरा राहत नाही. जुनी मासिकं हवी असतील तर दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली नियतकालिकांची सूची वेगळी आहे. तीही पाहा.

दुसरं काम नावांचं. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

आपल्याच भागातल्या असईचं उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी तिथे लढाई केली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्यामुळे या लढाईवर इंग्रजीत ढीगभर लिहिलं गेलं आहे. पण तालिकेत मराठी उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं टाकलीत तर हाताला काही लागत नाही. इंग्रजी पुस्तकांत हे गाव ए, दोनदा एस, ए, वाय, ई असं लिहिलेलं असतं. वेलिंग्टनचे खलिते गरवुड नावाच्या संपादकाने छापले, त्यांत मधला ए गळतो. इंग्रज ज्या नदीला 'कैटना' म्हणतात ती आपली केळणा. भोकरदन आणि जाफराबादची तर अशी रूपं झाली आहेत की भोकरदनच्या माणसाने वाचली तरी त्याला आपलं गाव ओळखू येणार नाही. म्हणून घरून निघतानाच वहीत एक पान नावांसाठी काढा. डावीकडे आपलं नाव, उजवीकडे सापडतील तेवढी इंग्रजी रूपं. नवं रूप दिसलं की भर घाला. माझ्या वहीत एकट्या जालन्याची चार रूपं झाली आहेत.

नावाइतकाच घोळ जिल्ह्याचा आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या कुठल्याही सरकारी छापील कागदात 'जालना जिल्हा' शोधाल तर मिळणार नाही, कारण जाफराबाद तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्याच्याही मागे गेलात तर राज्यच बदलतं : १९६० पासून महाराष्ट्र, त्याआधी १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि त्याआधी हैदराबाद. म्हणजे टेंभुर्णीची १९५१ च्या जनगणनेतली माहिती हवी असेल तर 'हैदराबाद राज्य, औरंगाबाद जिल्हा' या नावाखाली जनगणना पुस्तिका मागायची. १९६१ ची हवी असेल तर 'महाराष्ट्र, औरंगाबाद'. या पुस्तिकांत गाववार आकडे असतात, आणि जनगणना खात्याने जुन्या पुस्तिका इंटरनेटवरही ठेवल्या आहेत. औरंगाबादचं जुनं गॅझेटियर १८८४ चं, निजामाच्या राजवटीतलं, त्यामुळे मुंबई इलाख्याच्या प्रसिद्ध गॅझेटियर मालिकेत ते शोधून काही उपयोग नाही. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे, पण जुन्या तालिका आपोआप बदलत नसतात. दोन्ही नावांनी शोधा.

इतकी तयारी झाली की मग पायऱ्या चढायच्या, आणि खालून वर चढायच्या. एकदम कोलकाता गाठणारा माणूस मला लग्नाआधी बारसं उरकणाऱ्यासारखा वाटतो.

पहिली पायरी गावातलं वाचनालय. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात बारा हजारांच्या वर मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि खेड्यातलं वाचनालय बहुधा शेवटच्या दोन वर्गांत. तिथे संशोधनाचं पुस्तक मिळेलच असं नाही. पण तिथला ग्रंथपाल जिल्ह्याच्या बैठकांना जातो, कुणाकडे काय आहे हे त्याला माहीत असतं. त्याला विचारा. दुसरी पायरी जालन्याची, तिसरी संभाजीनगरची. तिथे शासनाचं विभागीय ग्रंथालय आहे, १९५८ साली सुरू झालेल्या विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचं आहे, मराठवाडा साहित्य परिषद आहे. मराठवाड्यावरचं मराठी पुस्तक या चौघांपैकी एकाकडेही नसेल असं क्वचितच होतं. विद्यापीठाचे विद्यार्थी नसाल तर बाहेरच्या वाचकासाठी काय नियम आहेत ते फोन करून विचारा, आणि ओळखपत्राबरोबर शाळेचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र ठेवा. साध्या लेटरहेडवरच्या चार ओळींनी अनेक दारं उघडतात.

मुक्तिसंग्राम किंवा निजामी कारभार हा विषय असेल तर वाट कोलकात्याची नाही, हैदराबादची. तिथे जुनी आसफिया, म्हणजे आताचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मराठी ग्रंथ संग्रहालय आहे आणि तेलंगणाचं पुराभिलेखागार आहे. मात्र कारभाराची भाषा उर्दू होती हे विसरू नका. उर्दू वाचणारा एखादा चाचा गावात असेल तर आधी त्याच्याशी दोस्ती करा, मग तिकीट काढा. आणि ग्रंथालय वेगळं, पुराभिलेखागार वेगळं. छापलेलं ग्रंथालयात, हातचे कागद आणि फायली पुराभिलेखागारात. आजोबांचा तुरुंगातला कागद राष्ट्रीय ग्रंथालयात शोधणाऱ्याला कुणी हे सांगितलेलं नसतं.

मुंबईची पायरी मात्र कुणी गाळू नये. टाउन हॉलच्या त्या रुंद दगडी पायऱ्या चढलात की एकाच इमारतीत दोन घरं आहेत : १८०४ मध्ये सुरू झालेली एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. दोघांचे नियम वेगळे, सभासदत्व वेगळं. दादरला १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय. जुन्या मराठी छापील पुस्तकांना आपल्याकडे 'दोलामुद्रितं' असा गोड शब्द आहे, म्हणजे छपाई पाळण्यात होती तेव्हाची. १८६७ पर्यंतची ही पुस्तकं आणि त्यांच्या याद्या या संग्रहालयाने जपल्या आहेत. मराठी पुस्तकासाठी कोलकात्याला जायची वेळ मुंबई झाल्यावरच येते, आणि बहुतेकांवर येतच नाही. हे माझं मत कोलकात्याच्या विरोधात नाही, तुमच्या खिशाच्या बाजूने आहे.

मग कोलकाता कशासाठी? इंग्रजी राजवटीतले सरकारी अहवाल, एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पुस्तकं, फारसी हस्तलिखितं, आणि इतिहासवाल्यांसाठी एक खास आकर्षण. औरंगजेब आणि शिवाजी महाराजांवर आयुष्यभर लिहिणारे जदुनाथ सरकार यांचा ग्रंथसंग्रह तिथे आहे. रियासतकार सरदेसाईंचे हे जिवलग स्नेही, दख्खनच्या वाटा त्यांनी पायी तुडवलेल्या. आपल्या भागात मोगलांच्या छावण्या वर्षानुवर्षं पडून होत्या, त्या काळावर लिहायचं असेल तर हा संग्रह पाहायलाच हवा.

या संस्थेचा जन्मही चमत्कारिक आहे. १८३६ ची कलकत्ता पब्लिक लायब्ररी आणि सरकारी कचेऱ्यांची ग्रंथालयं जोडून झालेली इंपीरियल लायब्ररी यांना एकत्र करून लॉर्ड कर्झनने ३० जानेवारी १९०३ रोजी ती सामान्य वाचकाला खुली केली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, तिचं राष्ट्रीय ग्रंथालय झालं. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांच्या हस्ते ते अलीपूरच्या बेलव्हेडिअरमध्ये, बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या जुन्या वाड्यात, वाचकांसाठी उघडलं. याच परिसरात १७८० मध्ये वॉरन हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांनी पिस्तुलं रोखून द्वंद्व खेळलं होतं. वाचक आता पुस्तकांसाठी नव्या इमारतीत, भाषा भवनात, जातात. टॅक्सीवाल्याला 'न्याशनल लायब्ररी, चिडियाखाना' सांगा, तो बरोबर सोडतो.

आमच्याकडून जायचं तर भुसावळहून हावड्याची गाडी धरावी. दीड हजार किलोमीटर आहे, एक दिवस-रात्र गाडीतच जाते. म्हणून किमान चार दिवसांचं काम घेऊन जा. निघण्याआधी संकेतस्थळावर वेळा, सुट्ट्या आणि वाचकपत्राचे नियम पाहा. वाचकपत्राशिवाय वाचनकक्षात बसता येत नाही. त्यासाठी वयाचा आणि ओळखीचा पुरावा, फोटो लागतात. मूळ कागद आणि दोन-दोन प्रती वेगळ्या पिशवीत ठेवा. पहिला अर्धा दिवस या सोपस्कारांना जाईल असंच धरून चाला, मग चिडचिड होत नाही.

आत जाण्याआधी मोठी पिशवी, डबा, छत्री बाहेर जमा करून बिल्ला घ्यावा लागतो. आत न्यायची वही, दोन पेन्सिली आणि पैसे. पेन्सिली मुद्दाम म्हणतो : दुर्मीळ पुस्तकांपाशी शाईचं पेन कुणालाच आवडत नाही, आणि नसावंही. पहिल्या दिवशी सकाळी तालिकेपाशी बसा. संगणकावरच्या तालिकेत सगळं असतंच असं नाही. जुन्या मराठी पुस्तकांसाठी मराठी विभागात जाऊन विचारा, आणि कार्डांचे खण असतील तर तेही चाळा. संगणकात मराठी नाव कधी देवनागरीत असतं, कधी रोमन अक्षरांत. 'ज्ञानेश्वर' रोमनमध्ये किती प्रकारे लिहिता येईल याचा नुसता विचार करा. म्हणून पुस्तकाच्या नावापेक्षा लेखकाच्या आडनावाने शोधलेलं बरं. आडनाव छोटं असतं, चुकायला जागा कमी.

मग चिठ्ठ्या. एकदम दहा भरू नका, एका वेळी किती देता येतात हे आधी विचारा. क्रमांक उतरवताना टिंब, तिरकी रेघ, अक्षर, सगळं जसंच्या तसं. आतला माणूस तुमच्या अक्षरावर विसंबून भांडारात चालत जातो. सात आणि एकातला फरक त्याला दिसला नाही तर तो भलत्याच गल्लीत शिरतो. चिठ्ठी देऊन झाल्यावर वाट पाहण्यात जो वेळ जातो त्यात पुढच्या चिठ्ठ्या लिहा. 'पुस्तक जागेवर नाही' असा शेरा आला तर हिरमुसू नका. दुसरी आवृत्ती असते, दुसरी प्रत असते, कधी तेच पुस्तक बांधणीला गेलेलं असतं. काउंटरवरच्या माणसाला नाव विचारा, दादा म्हणा, बंगालीत एखादं वाक्य बोलायचा प्रयत्न करा. मदत मागायची लाज बाळगणारा वाचक ग्रंथालयात उपाशी राहतो.

पुस्तक हातात आल्यावरची एक गोष्ट जवळून सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचा कागद उघडला की आधी वास येतो, मग मांडीवर तपकिरी चुरा पडतो. पानाचा कोपरा बोटाने उचललात तर कोपराच हातात येईल. पानाखाली तळहात सरकवून पान उलटायचं, पुस्तक पूर्ण उताणं पाडायचं नाही. जिभेला बोट लावायची आपली सवय तर घरीच सोडून या. आणि वाचण्याआधी शीर्षकपान, त्याच्या मागची बाजू आणि अनुक्रमणिका वहीत उतरवा. गावी परतल्यावर 'हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं?' या प्रश्नाने रात्र रात्र झोप उडते, त्यावर हाच उपाय.

फोटो काढण्याआधी परवानगी, झेरॉक्सच्या आधी परवानगी. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तोवर अख्ख्या पुस्तकाची प्रत मागू नका. नाजूक पुस्तक असेल तर जुनं असूनही प्रत नाकारतील, आणि ते योग्यच आहे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मोबाइलवर मिळत नाही का? पुष्कळ मिळतं. आयआयटी खरगपूरने चालवलेलं भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, इंटरनेट आर्काइव्हवर हजारो जुनी मराठी पुस्तकं आहेत, राज्याच्या गॅझेटियर विभागाने आपले खंड खुले केले आहेत, मराठी विश्वकोश तर खिशात बसतो. वेलिंग्टनचे खलिते मी टेंभुर्णीतच वाचले, लाइट गेली होती तेव्हा ओट्यावर बसून. म्हणून प्रवासाआधी प्रत्येक नाव इथे शोधून पाहा. सापडलं की यादीतून एक ओळ कमी. मात्र स्कॅन करताना पानं गळतात, नकाशे अर्धे दुमडलेले राहतात, एकाच नावाखाली भलतंच पुस्तक चढवलेलं असतं. शंका आली तर छापील प्रत पाहावी लागते.

आमच्याकडची मुलं ग्रंथालय म्हटलं की अभ्यासिका समजतात. स्पर्धा परीक्षेसाठी खुर्ची, पंखा आणि शांतता. त्यात वाईट काही नाही, घरात कुठली शांतता? पण ज्या इमारतीत तुम्ही सकाळी सात ते रात्री दहा बसता तिच्या तालिकेत एकदा तरी आपल्या गावाचं नाव टाकून पाहा.

नाव निघेलच असं नाही, कारण गावावर आपण लिहून छापलं तर ते तिथे पोहोचावं लागतं. १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा सांगतो की प्रकाशकाने प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत स्वखर्चाने, प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची, आणि एकेक प्रत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना. हे मोठ्या प्रकाशकांपुरतं नाही. जालन्याच्या छापखान्यात स्वतःच्या पैशाने दोनशे प्रती काढणारा कवीसुद्धा कायद्याच्या नजरेत प्रकाशकच. आपल्याकडे हे जवळजवळ कुणी करत नाही. प्रती आमदारांना, पाहुण्यांना आणि सोयऱ्यांना जातात, आणि उरलेल्या माळ्यावर वाळवीला.

तेव्हा चार प्रती बाजूला काढा. आयएसबीएन क्रमांक आधी घेऊन ठेवा, तो आपल्या देशात फुकट मिळतो. खाकी कागदात बांधा, कोपऱ्यांना पुठ्ठा लावा, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती पुस्तकाच्या घरच्या प्रतीत चिकटवून ठेवा. आणि शीर्षकपानामागे प्रकाशनाचं ठिकाण लिहिताना नुसतं 'टेंभुर्णी' लिहू नका. 'टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना' असं पूर्ण लिहा. नाहीतर कोलकात्यातला सूचीकार तुम्हाला माढा तालुक्यात नेऊन बसवेल आणि पन्नास वर्षांनी तुमचा नातू चिठ्ठी भरून तिकडे शोधत बसेल.